घर राहणाऱ्याचे, आराखडा कोणाचा?

पनवेल परिसरात भूखंड हाती आला, की खोल्या किती आणि मजले किती, हाच पहिला प्रश्न असतो. कुटुंब मासिकातील चित्रे घेऊन वास्तुविशारदाकडे जाते आणि तोही तीच चित्रे समोर ठेवून नकाशा आखतो. यालाच ग्राहकाभिमुख आराखडा म्हणण्याची प्रथा पडली आहे. परंतु ग्राहकाची आवड विचारणे निराळे आणि त्याचे राहणे समजून घेणे निराळे. हा फरक पाहायचा असेल, तर पनवेलहून लोकलने बेलापूर गाठावे आणि सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक फेरफटका मारावा.

ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात साकारली. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि कोरिया १९७४ पर्यंत तिचे मुख्य वास्तुविशारद होते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे या नव्या शहराच्या क्षेत्रात आली. त्या अर्थाने बेलापूर आणि नवीन पनवेल ही सख्खी भावंडेच.

बेलापूरमध्ये एक पेच होता. पैसे देणारा ग्राहक सिडको. राहणारी सुमारे ५५० कुटुंबे मात्र आराखडा आखताना ठाऊकच नव्हती. ज्याला पाहिलेले नाही, त्याची गरज ओळखायची कशी? कोरियांनी ती ओळखल्याचा आव आणला नाही. त्यांनी बदलाला जागा ठेवली. प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर, शेजाऱ्याशी सामाईक भिंत न ठेवता उभे केले, म्हणजे कोणाचीही परवानगी न मागता भिंत पुढे घेता यावी, माडी चढवता यावी. बांधणीही साधी, गावातल्या गवंड्याला जमणारी. उत्पन्नात मोठी तफावत असूनही भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर एवढेच ठेवले.

सात घरांमध्ये आठ मीटर लांबी-रुंदीचे एक अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांचे, बारा मीटरचे मोठे अंगण. त्यापुढे आणखी मोठा चौक. अंगण, ओटी, माजघर अशी उतरंड असलेल्या घरात वाढलेल्या कोकणी माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

आज उतरत्या छपराची मूळ घरे थोडीच उरली आहेत. बहुतेक ठिकाणी सिमेंट काँक्रीटचे मजले चढले. काही अभ्यासकांना याची हळहळ वाटते. आम्हाला वाटते, घरे रहिवाशांच्या हाती जावीत हाच हेतू होता आणि तो साधला. मात्र किंमतही मोजावी लागली. आठ मीटरच्या अंगणाभोवती तीन मजले उठले, की तळमजल्याचा उजेड आणि वारा अडतो. बदलाची मोकळीक दिली, पण तिची उंची कोठवर, हे आराखड्यातून पुरेसे ठरले नाही.

पनवेलमध्ये बंगला बांधणाऱ्याने यातून घ्यावे ते असे. आज दोघे आहोत. दहा वर्षांनी सून येईल, आई-वडील जिना चढू शकणार नाहीत. या गोष्टी पहिल्याच भेटीत सांगाव्यात. पुढे मजला चढवायचा असल्यास पाया आणि खांब त्या भाराचे आजच हवेत, हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावे; नंतर पाया मजबूत करण्याचा खर्च फार जड जातो. वाढीव जिना कोठून निघेल, गच्चीचे पाणी कोणत्या बाजूला उतरेल, हे नकाशावर तुटक रेषेने दाखवून घ्यावे. वाढीव मजल्याला चटईक्षेत्र उरेल का, हेही तेव्हाच विचारावे. महापालिका असो वा सिडको, मंजुरीसाठी नकाशा गेल्यावर हे प्रश्न काढले, तर सुधारित नकाशासाठी पुन्हा तोच फेरा घालावा लागतो.