वृक्षादनी कीं वृक्षरुहा ?

पेण तालुक्यांतील आमचें डोलवी हें गांव अंबा नदीच्या खाडीलगत वसलेलें आहे. भातशेती, मिठागरें आणि आतां पोलादाचा मोठा कारखाना, ही या भागाची ओळख. या बाजूच्या जुन्या आंब्यांच्या फांद्यांवर एक वनस्पति चिकटलेली आढळते. तिचीं पानें जाड व पट्ट्यासारखीं असतात, आणि मुळें हवेंत लोंबत असतात. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजून कोयत्यानें खरवडून टाकतात. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र तिला फुलांचा लांब घोस येतो, आणि मग तीच 'सीतेची वेणी' ठरते. हें आमरीचें कूळ. इंग्रजींत त्यास ऑर्किड म्हणतात. या कुळावर झाड खाण्याचा जो आरोप आहे तो कितपत खरा, आणि आमरी घरीं वाढविण्याच्या छंदाचा तिच्या रक्षणाशीं काय संबंध, याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

अमरकोशांत 'वंदा' या शब्दाचे जे पर्याय दिले आहेत त्यांत वृक्षादनी आणि वृक्षरुहा हे दोन शेजारीं शेजारीं आहेत. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी. वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. खरें बांडगूळ फांदीच्या आंत शिरून झाडाचा रस शोषतें. त्यास पहिलें नांव शोभतें. आमरी तसें कांहीं करीत नाहीं. तिचीं मुळें सालीस नुसतीं धरून असतात, आणि वरच्या पांढऱ्या, स्पंजासारख्या आवरणानें पाऊस व दंव टिपून घेतात. अन्न ती आपल्या हिरव्या पानांत स्वतः तयार करते. तिला दुसरेंच नांव योग्य.

पुढें सर विल्यम जोन्स यांच्या १७९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत बंगालमधील एका सुगंधी आमरीस 'वंदा' म्हटलें गेलें, आणि १८२० सालीं रॉबर्ट ब्राउन यांनीं त्याच नांवाची जाति शास्त्रांत रूढ केली. आज जगांतील उद्यानांत जें 'वँडा' हें नांव ऐकूं येतें, तें मूळचें आपलें. ही सुगंधी वंदा कोंकणांतही आंब्यांवर वाढते.

सीतेच्या वेणीचा लेखी इतिहास याहून जुना आहे. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानें 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्या कामीं इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य त्याचे साहाय्यक होते. या तिघांचें १६७५ सालचें कोंकणी प्रशस्तिपत्र १६७८ च्या पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलेलें आहे. बाराव्या खंडांत, १६९३ सालीं, सीतेच्या वेणीचें चित्र आलें. तेथें तिचें नांव 'मरवाळ' या मल्याळी शब्दावरून दिलें आहे. त्याचा अर्थ झाडावरची केळ ! मलबारी माणसानें तिच्यावर कसलाही आरोप ठेवला नाहीं. लिनीयस यानें १७५३ सालीं तिला शास्त्रीय नांव दिलें तें याच ग्रंथाच्या आधारें.

नांव मिळालें, पण संकटही आलें. १८३३ पासून वार्ड यांच्या कांचेच्या पेट्यांतून झाडें जहाजानें दूर नेतां येऊं लागलीं, आणि विलायतेंत आमरींचें वेड पसरलें. हूकर यांनीं १८५० सालीं खासी टेकड्यांतून निळ्या वंदेचीं सात माणसांचीं ओझीं गोळा करविलीं. त्यांतील थोडींच रोपें विलायतेस जिवंत पोहोंचलीं. आमरीनें झाड खाल्लें नाहीं. आमरीस मात्र माणसानें खाल्लें!

यावर तोड निघाली ती संकरांतून व बियांतून. एक्झेटर येथील जॉन हॅरिस या शस्त्रवैद्यानें जॉन डॉमिनी या माळ्यास परागपिंड एका फुलांतून काढून दुसऱ्याच्या चिकट भागावर ठेवण्याची रीत समजावून दिली, आणि १८५६ सालीं मनुष्यानें घडविलेल्या पहिल्या संकरित आमरीस फूल आलें. तरी एक अडचण राहिलीच. आमरीचें बीं धुळीसारखें असतें. एका शेंगेंत हजारों, कधीं लाखों. पण त्यांत अंकुरासाठीं शिदोरी नसते. नोएल बर्नार यांनीं १८९९ सालीं दाखविलें कीं, रानांत ही शिदोरी एक बुरशी पुरविते. मग १९२२ सालीं लुईस नड्सन यांनीं साखर व क्षार घातलेल्या अगरवर, बुरशीवांचूनच, बीं रुजविलें. तेव्हांपासून एका शेंगेंतून शेंकडों रोपें करणें शक्य झालें, आणि त्यासाठीं रान ओरबाडण्याचें कारण उरलें नाहीं.

हें काम घरच्या बागेंतही होऊं शकतें. सिंगापूर येथील अग्नेस जोआकिम या बाईंच्या बागेंतील संकरित वंदा १८९३ सालीं शास्त्रांत नोंदली गेली, आणि १९८१ सालीं तीच त्या देशाचें राष्ट्रीय पुष्प झाली. आज हौशी माणसें अगरच्या बाटल्या घरच्या प्रेशर-कुकरांत निर्जंतुक करून बीं पेरतात. मात्र धीर हवा. फुलासाठीं कांहीं वर्षें वाट पाहावी लागते. ज्यास एवढें साधणार नाहीं त्यानें रोपवाटिकेंतील बियांपासूनचें किंवा ऊतिसंवर्धनाचें रोप आणावें. त्यास माती घालूं नये. लांकडाच्या ढलपीवर काथ्यानें बांधून, अथवा कोळसा व नारळाच्या सोडणांत ठेवून, विरळ सावलींत टांगावें. सकाळीं पाणी द्यावें. ओलीं होतांच मुळें हिरवीं दिसतात.

रानांतील आमरी मात्र रानांतच राहूं द्यावी. आमच्या जिल्ह्यांत मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणांत रस्त्याकडेचीं जुनीं झाडें तुटलीं. ३ जून १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे, ३ जून २०२० रोजीं, निसर्ग चक्रीवादळानें असंख्य आंबे उन्मळून पडले. झाड पडलें कीं त्यावरील वृक्षरुहाही जमिनीवर येते, आणि तेथें कुजून मरते. आपल्या वाडींत असें झाड पडल्यास तिला सांभाळून सोडवावें, व शेजारच्या जित्या आंब्यास सुतळीनें बांधावें. नवीं मुळें सालीस धरलीं म्हणजे सुतळी काढून टाकावी. आंब्याचें त्यांत कांहींच जात नाहीं.