धूळ आणि प्रकाशाचा पडदा

धूळ मोठी समदर्शी आहे. राजवाड्यातील झुंबरावर ती जशी बसते, तशीच गरिबाच्या देव्हाऱ्यावरही बसते. केरसुणी आणि फडके यांनी तिचा बंदोबस्त होतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. विजेच्या बळावर चित्रे दाखविणारे पडदे निर्माण झाले, तेव्हा या समजुतीस तडा गेला.

या पडद्यांचा इतिहास १८९७ पासून सुरू होतो. त्या वर्षी स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फेर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पाडून प्रकाशाचा ठिपका उमटविला. पुढे तिच्यातूनच दूरचित्रवाणीची चित्रनलिका विकसित झाली. रंगीत चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांना वेग देण्यासाठी सुमारे २५,००० व्होल्टचा दाब लागे. त्यामुळे काचेच्या दर्शनी भागावर स्थिर विद्युत्‌भार साठे आणि हवेत तरंगणारे धूलिकण तिकडे ओढले जात. घासलेला तृणमणी हलक्या वस्तू ओढून घेतो, या गुणाचे विवेचन इंग्लंडमधील विल्यम गिल्बर्ट याने १६०० मध्ये आपल्या ग्रंथात केले होते. तोच गुण साडेतीनशे वर्षांनी घराघरांत नव्या रूपाने अवतरला.

परिणाम केवळ अस्वच्छतेपुरता नव्हता. धुळीच्या थराने प्रकाश विखुरला जाई, काळा भाग करडा दिसे आणि चित्राचा उठाव नाहीसा होई. पेटीच्या आत तर धूळ अधिक घातक ठरे. उच्च दाबाच्या भागांवर साचलेली धूळ पावसाळ्यात ओलावा शोषून घेई आणि विजेच्या गळतीस वाट करून देई.

भारतातही धुळीची आणि पडद्याची गाठ पडली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे खेड्यांना शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. कर्नाटक, मध्य प्रदेश व आंध्र प्रदेश यांसह सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यात होती आणि त्यांसाठी संच तयार झाले ते हैदराबादेत. शेतीची, आरोग्याची माहिती साऱ्या गावाला ज्या एका पडद्यावरून मिळते, तो स्वच्छ राखणे हे मग एका घराचे काम उरत नाही.

तथापि धुळीशी खरा निर्णायक सामना कारखान्यात झाला. ‘स्वच्छ खोल्या’ पूर्वीही होत्या. परंतु त्यांतील हवा घुसळत राही आणि एकदा आलेला कण तेथेच भ्रमण करी. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विलिस व्हिटफील्ड या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने यावर साधा उपाय शोधला. सूक्ष्म गाळण्यांतून आलेली हवा एकाच दिशेने संथपणे वाहू द्यावी आणि जमिनीच्या जाळीतून धुळीसह बाहेर न्यावी, ही त्याची कल्पना. १९६२ मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा कण मोजणारी यंत्रेच बिघडली असावीत, अशी शंका काहींना आली. इतकी ती हवा निर्मळ होती.

या शोधाचे मोल द्रवस्फटिकांचे सपाट पडदे आले, तेव्हा विशेष कळले. त्यांतील द्रवस्फटिकाचा थर अवघा तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड. १,९२० गुणिले १,०८० बिंदूंच्या पडद्यात वीस लाखांहून अधिक चित्रबिंदू, आणि प्रत्येकाचे तीन रंगभाग. निर्मितीच्या वेळी शिरलेला एकच कण एखादा बिंदू कायमचा मालवू शकतो, किंवा दोन सूक्ष्म वाहिन्या जोडून एक संपूर्ण रेषा निकामी करू शकतो. बाहेरची धूळ पुसता येते. जन्मतःच आत शिरलेला कण पुसता येत नाही.

आणि त्या खोलीत धूळ सर्वांत अधिक कोण आणतो? स्वतः माणूसच. त्याची त्वचा, केस, वस्त्रे यांतून अखंड कण झडत असतात. म्हणून तेथील कामगार नखशिखान्त झाकलेला असतो. जग पाहण्यासाठी माणसाने पडदा निर्माण केला. तो निर्मळ राहावा म्हणून आधी त्याला स्वतःलाच झाकून घ्यावे लागले.