बाप पलटणीत, पोरं कुठे?

माझा कॉलेजचा रूममेट फौजी घरातला. बारावीपर्यंत त्याच्या सात शाळा झाल्या. त्याच्यामुळेच आजचा विषय सुचला. दीडशे वर्षांपूर्वी एखादं ब्रिटिश फौजी कुटुंब भारतात आलं, तर पोरांच्या शाळेचं काय व्हायचं?

ते बापाच्या हुद्द्यावर ठरायचं. साध्या सोल्जरकडे मुलांना इंग्लंडला पाठवायला पैसे नसायचे. त्याची पोरं पलटणीच्या शाळेत शिकायची आणि बराकीतल्या उकाड्यात, रोगराईत वाढायची. कितीतरी दगावायची. हे बघून हेन्री लॉरेन्सने १८४७ मध्ये कसौलीजवळ सनावरला, थंड हवेत, सोल्जरांच्या मुला-मुलींसाठी निवासी शाळा काढली. पुढे माउंट अबू आणि लव्हडेललाही तशाच शाळा निघाल्या.

अधिकारी मात्र मुलांना बोटीने मायदेशी धाडायचे. पण तिथल्या नामांकित शाळांची फी त्यांनाही झेपेना. मग काही अधिकाऱ्यांनी चक्क कंपनी काढली आणि १८७४ मध्ये डेव्हनमध्ये स्वस्तातली शाळा सुरू केली, युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज.

मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग तिथलाच विद्यार्थी. त्याचे वडील फौजी नव्हते, पण त्याआधी, सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, त्याला इंग्लंडला अनोळखी घरात ठेवलं होतं. आई पुन्हा भेटली ती पाचेक वर्षांनी.

म्हणजे जवळ ठेवलं तर जिवाची भीती, लांब पाठवलं तर मूल परकं होणार. रूममेटला हे सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "शाळा सात झाल्या रे, पण संध्याकाळी घरी आई असायची."