चारुलतेची दुर्बीण

सन १८७९-८० च्या सुमाराचे कलकत्ता म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे काय येते? वर्तमानपत्रे, सभा, व्याख्याने, ब्राह्मसमाज, बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या. १८७८ साली कलकत्ता विश्वविद्यालयाने स्त्रियांना परीक्षांना बसण्याची मुभा दिली. त्याच साली आपल्या रमाबाई त्या शहरात गेल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. हा सारा इतिहास लिहिलेला आहे, आणि तो अभिमानाने वाचावा असाच आहे. पण त्याच शहरातल्या एखाद्या मोठ्या घरात, पुरुषमाणसे आपापल्या कामात गढलेली असताना, चार बुके वाचलेली, मूलबाळ नसलेली आणि कामाला हाताखाली गडीमाणसे असलेली गृहिणी दिवसभर काय करीत होती, याची नोंद कुठे शोधायची? सभेच्या वृत्तान्तात ती सापडायची नाही.

ती नोंद एका चित्रपटात आहे. सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ हा बंगाली चित्रपट १९६४ साली पडद्यावर आला. रवींद्रनाथांनी १९०१ साली लिहिलेल्या ‘नष्टनीड’ या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. कथा तशी चार ओळींत सांगता येते. भूपती हा श्रीमंत आणि सज्जन गृहस्थ. त्याला वेड आपल्या इंग्रजी वर्तमानपत्राचे. त्याची बायको चारू घरात एकटी. तिला सोबत व्हावी म्हणून भूपती तिच्या भावाला आणि भावजयीला घरी बोलावून घेतो. पुढे भूपतीचा आतेभाऊ अमल येतो. त्याला लिहिण्यावाचण्याचा नाद. दोघांचे सूर जुळतात, चारूच्या मनात नको ते अंकुरते आणि घरटे मोडते. आता तुम्ही म्हणाल, अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. खरे आहे. पण ‘चारुलते’चे मोठेपण गोष्टीत जेवढे आहे, त्याहून अधिक ती कॅमेऱ्याने ज्या रीतीने सांगितली आहे, त्या रीतीत आहे.

सुरुवातीची सुमारे सात मिनिटेच पाहा ना. श्रेयनामावली चालू असताना चारू रुमालावर इंग्रजी ‘बी’ हे अक्षर भरीत बसली आहे. भूपतीच्या नावाचे ते आद्याक्षर. घड्याळाचे ठोके पडतात. ती गड्याला हाक मारून धन्याचा चहा न्यायला सांगते. मग पलंगावर पडते, उठते, कपाटातून बंकिमबाबूंचे पुस्तक काढते, चाळते. बाहेर रस्त्यावर काही आवाज होतो. ती लगबगीने जाऊन दांडीची छोटी दुर्बीण घेऊन येते. श्रीमंत मंडळी नाटकाला जाताना बरोबर नेत असत, तसली. खिडकीच्या झडपा किलकिल्या करून ती बाहेर पाहू लागते. माकडवाला दिसतो. पालखी जाताना दिसते. एक लठ्ठ गृहस्थ छत्री घेऊन चाललेला दिसतो. तो पुढे सरकला की ही पुढच्या खिडकीशी, तिथून दिसेनासा झाला की त्याच्या पुढच्या. कॅमेरा तिच्याबरोबर खोल्याखोल्यांतून फिरतो. संवाद जवळजवळ नाहीतच. तरी बाई हुशार आहे, चौकस आहे, तिच्यात खेळकरपणा आहे आणि या सगळ्याला घरात काही वाव नाही, हे आपल्याला कुणी न सांगता कळते.

यानंतर जे घडते ते फार नीट पाहण्यासारखे आहे. भूपती आतून व्हरांड्यात येतो. चारूच्या जवळून जातो, पुस्तक घेतो आणि वाचीत वाचीत परत जातो. बायको तिथे उभी आहे, याची त्याला गंधवार्ताही नाही. चारू काय करते? दुर्बीण डोळ्याला लावते आणि नवऱ्याकडे पाहते! तो दिसेनासा होतो, तिचा दुर्बिणीचा हात खाली येतो आणि त्याच क्षणी कॅमेरा झूम भिंगाच्या साहाय्याने झपकन मागे हटतो. एवढ्या मोठ्या घरात चारू एकदम लहान होऊन जाते.

दूरचे जवळ आणावे, हे दुर्बिणीचे काम. रस्त्यावरच्या माणसांसाठी ती घेतली, हे समजण्यासारखे आहे. पण हाताच्या अंतरावरून गेलेल्या नवऱ्यासाठीही तीच घ्यावी लागते, म्हणजे तो केवढ्या दूर गेला असेल! एकटेपणा म्हणजे आसपास कुणी नसणे, असे आपण समजतो. राय यांचा कॅमेरा सांगतो की एकटेपणा हे एक अंतर आहे, आणि ते एका छपराखालीही असू शकते. हे अंतर मोजणे हेच या चित्रपटातले कॅमेऱ्याचे काम.

झोपाळ्याचा प्रसंगही असाच. बागेत अमल सतरंजीवर पडून लिहितो आहे आणि चारू झोके घेते आहे. कॅमेरा झोपाळ्यालाच जोडलेला असल्यामुळे तिचा चेहरा आपल्यापासून हलत नाही. हलते ते तिच्या मागचे जग. घराच्या भिंतींत जी बाई सारखी लांब लांब राहत होती, ती इथे प्रथमच इतकी जवळ येते. मग ती दुर्बीण उचलते. समोरच्या घरात कुणी बाई मूल घेऊन उभी असते, तिच्याकडे पाहते. आणि मग तीच दुर्बीण अमलवर वळते. तिच्या मनात काय चालले आहे, ते तिला स्वतःला कळण्याआधी आपल्याला कळते. पुढे अमलच्या ईर्ष्येने ती स्वतः लिहायला बसते, तेव्हा कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी थांबतो आणि तिच्या लहानपणच्या गावची चित्रे त्या चेहऱ्यावर उमटत जातात. बाहेर पाहणारी ही दृष्टी आता आत वळली, एवढाच त्याचा अर्थ.

हे सारे साधले कसे? छायालेखक सुब्रत मित्र यांचा यात मोठा वाटा आहे. ‘पथेर पांचाली’ (१९५५) हाती घेतली तेव्हा हा विशीतला तरुण. चित्रपटाचा कॅमेरा त्याने त्याआधी चालवलेला नव्हता. ‘अपराजित’ (१९५६) साठी स्टुडिओत बनारसचे घर उभारले. तशा घरात उजेड येतो तो अंगणाच्या चौकातून, वरून, कुठेही बोचणारी सावली न पाडता. दिव्यांचे झोत सरळ नटांवर टाकले तर तो परिणाम साधेना. मग मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिवे त्यावर सोडून परतलेला मऊ उजेड घेतला. ‘चारुलते’तला वाडाही स्टुडिओतलाच, तो बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारला. पण मित्र यांच्या उजेडामुळे तिथे रंगवलेले पडदे आहेत असे वाटतच नाही. दिवस कलत चालला आहे आणि एक बाई त्यात वावरते आहे, असे वाटते. कॅमेऱ्याला डोळा लावून बसत ते मात्र स्वतः राय. चारूची भूमिका माधवी मुखर्जी यांनी केली. त्यांच्या चेहऱ्यावरची बारीकशी हालचालही या उजेडात हरवत नाही. १९६५ साली बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल राय यांना मिळाले, ते याच चित्रपटासाठी.

यात भूपती वाईट माणूस नाही, हे विसरून चालायचे नाही. तसा असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो उदार आहे, देशाची काळजी वाहणारा आहे. त्याच्या पत्राचे नाव ‘सेंटिनेल’, म्हणजे पहारेकरी! १८८० साली विलायतेत ग्लॅडस्टनचा पक्ष निवडून येतो, तर हा कलकत्त्यात मेजवानी देतो. सात समुद्रांपलीकडचे त्याला स्वच्छ दिसते. पण त्याचा मेव्हणा पैशाला फसवतो ते दिसत नाही, आणि बायको झुरते तेही दिसत नाही. दोघेही दूर पाहणारे. फरक एवढाच की चारूच्या हातात दुर्बीण आली ती जवळचे कुणी राहिले नाही म्हणून; आणि भूपतीला जवळचे राहिले नाही, ते तो सदैव दूर पाहत राहिला म्हणून.

शेवट तर विसरता येणार नाही असा आहे. अमल निघून गेला आहे. चारूला रडताना पाहून भूपतीला सारे उमगले आहे. तो गाडीतून वणवण फिरून घरी येतो. दारात ती हात पुढे करते, त्याचाही हात पुढे येतो. हात हातात पडणार, एवढ्यात चित्र थांबते. त्यापुढे फक्त निश्चल चित्रे: तिचा चेहरा, त्याचा चेहरा, दिवा घेऊन आलेला गडी आणि त्या दोन हातांमधली उरलेली जागा. रवींद्रनाथांच्या कथेत भूपती म्हैसूरला जायला निघतो. राय यांनी त्याला दारातच ठेवले. चित्र स्थिर करून चित्रपट संपवणे तेव्हा अगदी नवे नव्हते. १९५९ साली फ्रान्समध्ये त्र्यूफोने तसे केले होते. पण तिथे एक मुलगा समुद्रापाशी एकटा थांबतो. इथे दोन माणसे एकमेकांसमोर थांबतात. पहिल्या प्रसंगात कॅमेऱ्याने जे अंतर दाखवले, ते आता वीतभर उरले आहे. ते मिटले की नाही, हे कॅमेरा सांगत नाही.

वाचकहो, हा चित्रपट पाहण्याचा योग आला, तर गोष्टीत पुढे काय होते याची फार घाई करू नका. कॅमेरा चारूच्या किती जवळ आहे आणि किती लांब, तेवढे पाहत राहा. एका मोठ्या शतकाच्या इतिहासात ज्यांचे नाव कुठेच लिहिले गेले नाही, अशा कितीतरी बायकांच्या दुपारी त्यातून तुम्हाला दिसतील. आणि जमल्यास चित्रपट संपल्यावर एकदा आपल्याच घरात नजर फिरवा. कुणाच्या हाती अशी दुर्बीण तर आलेली नाही ना?