अद्भुतकथेतील अनपेक्षित नायक : तेरच्या दोन कथा

मराठी कादंबरीचा आरंभकाळ शिकवताना अद्भुतरम्य कादंबरीच्या वाट्याला फार तर एक तास येतो. लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची १८६१ ची 'मुक्तामाला' आणि नारो सदाशिव रिसबूड यांची १८६८ ची 'मंजुघोषा' ही नावे फळ्यावर लिहायची, त्यांतील योगायोगांविषयी आणि अवास्तवतेविषयी दोन वाक्ये बोलायची आणि हरिभाऊंकडे वळायचे, असा आम्हां अध्यापकांचा रिवाज पडून गेला आहे. रिवाज जुना आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्येच नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात या कादंबऱ्यांच्या अवास्तवपणावर बोट ठेवले होते. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती मांडल्या, तेव्हाही मधल्या प्रवृत्तीकडे पाहण्याची आपली नजर फारशी बदलली नाही.

या उपेक्षेमागे दोन गृहीतके दिसतात. अद्भुत साहसकथा हा मराठीत बाहेरून आलेला माल आहे, हे पहिले. रेनॉल्ड्सवरून गो. ना. दातार, स्टीफन किंगवरून नारायण धारप, अशी वंशावळ आपण सहज सांगून जातो. दुसरे गृहीतक असे की, जुन्या अद्भुतकथेचा नायक राजपुत्रच असायचा. नायक म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहणार नाही असा माणूस केंद्रस्थानी आला तो आधुनिक काळात. पहिले गृहीतक अर्धवट आहे. दुसरे तपासावे म्हटले तर त्यासाठी धाराशिव जिल्ह्यासारखी जागा नाही, असे आम्हांला वाटते.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरात जी लेणी आहेत त्यांचे वर्णन जेम्स बर्जेस यांनी १८७८ च्या अहवालात केले. अभ्यासक ती साधारणतः पाचव्या ते सातव्या शतकांतील मानतात. ती मुळात बौद्ध की जैन, हा वाद आहे. या लेण्यांना एक स्वतःची कादंबरी आहे, हे मात्र पुरातत्त्वाच्या पुस्तकांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. मुनी कनकामर यांनी सुमारे अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत रचलेले 'करकंडचरिउ' हे ते काव्य. दहा संधींचे हे काव्य अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या हीरालाल जैन यांनी संपादून १९३४ मध्ये कारंजाच्या जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले. काव्यातील तेरापूर म्हणजे आपले तेर, आणि काव्यातील डोंगरावरचे लयण म्हणजे धाराशिवचे लेणे, हे त्यांनी स्थळवर्णन ताडून दाखवले. ज्याला 'पेरिप्लस'कर्त्याने तगर म्हटले तेच हे तेरणाकाठचे तेर.

कथा अशी. चंपानगरीचा राजा धाडिवाहन याची राणी पद्मावती गर्भवती असता तिला डोहाळे लागतात : पुरुषवेष घालून, राजासह हत्तीवर बसून, रिमझिम पावसात नगराभोवती फिरावे. हत्ती उधळतो. राजा झाडाची फांदी धरून स्वतःला वाचवतो. (राजाच्या या चपळाईविषयी आमच्या वर्गातील विद्यार्थिनी जे बोलतात ते येथे लिहीत नाही.) राणी एकटीच दूर वाहून जाते, तळ्यात उडी टाकून सुटते, एका माळ्याच्या आश्रयाला राहते, माळ्याच्या बायकोच्या मत्सरामुळे तेथूनही निघते आणि दंतीपूरच्या स्मशानात बाळंत होते. ते मूल एक मातंग उचलून नेतो, वाढवतो, शिकवतो. मुलाच्या हाताला खरूज आहे. कर म्हणजे हात, कंडू म्हणजे खाज. म्हणून नाव करकंडू.

नावाशी जरा थांबले पाहिजे. नायकाला त्याच्या पराक्रमावरून, कुळावरून, देवतेवरून नाव मिळते. खरजेवरून नाव मिळालेला दुसरा महाकाव्यनायक आम्हांला तरी आठवत नाही. श्वेतांबर टीकाग्रंथांत याची आणखी एक मजेदार परी आहे. खेळात राजा झालेला हा मुलगा सवंगड्यांकडून कर मागतो, आणि कर म्हणून माझे अंग खाजवा म्हणतो. हात आणि सारा हे 'कर'चे दोन्ही अर्थ त्या एका खेळात येतात. स्मशानातला, खरजुल्या अंगाचा पोर आज्ञा देतो आणि बाकीची पोरे ती पाळतात. राजा असणे म्हणजे काय, यावर इतके नेमके भाष्य दरबारी काव्यांत क्वचितच सापडेल.

पुढचा प्रसंग मराठी लोककथेच्या वाचकाला घरचाच वाटेल. दंतीपूरचा राजा निपुत्रिक मरतो, राजहत्ती सोडला जातो, आणि हत्ती या मुलाची निवड करतो. आपल्या कहाण्यांत हत्ती सोंडेने माळ घालतो, येथे कलश आहे, एवढाच फरक. लोक मात्र बिचकतात. चांडाळाच्या मुलाला सिंहासनावर कसे बसवायचे? कथा येथे क्षणभर खरोखर उंबरठ्यावर उभी आहे. हत्तीने, म्हणजे दैवाने, निवड केली आहे आणि नगराची जातिव्यवस्था ती मानायला तयार नाही. कनकामरांनी हा पेच तसाच पुढे नेला असता तर?

त्यांनी तो नेला नाही. त्याच क्षणी मातंगाचा शाप संपतो. तो मुळात विद्याधर होता. या मुलाला राज्य मिळाले की मुक्त होशील, असा त्याला उःशाप होता. मुलगाही मुळात राजपुत्र. म्हणजे या कथेत खालच्या जातीचा माणूस एकही नाही. जो दिसला तो वेष होता. पद्मावतीचीही तीच गोष्ट. ती माळ्याच्या घरी वाढलेली मुलगी म्हणून राजाला भेटते आणि कौशांबीची राजकन्या ठरते.

ही युक्ती एकट्या कनकामरांची नाही. ज्या ग्रंथावरून आपण या वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' म्हणू लागलो, त्या बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कथेत शूद्रकाच्या दरबारी पोपट घेऊन येते ती एक चांडाळकन्या. तिच्या रूपाचे वर्णन करताना बाण थकत नाही. तिच्या जातीविषयी हळहळही व्यक्त होते. आणि अखेरीस ती लक्ष्मी निघते. आमचा वाङ्मयप्रकार ज्या दारातून आत आला त्या दारातच चांडाळ उभा आहे, आणि तो चांडाळ नाही.

तरीही 'करकंडचरिउ' केवळ या एका युक्तीने निकालात काढणे अन्यायाचे होईल, कारण त्याचा तेरापूरचा भाग विलक्षण आहे. दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला करकंडू येथे तळ देतो. स्थानिक राजा शिव त्याला सांगतो की डोंगरावर सहस्र खांबांचे लेणे आहे आणि त्यावरच्या वारुळाची एक हत्ती रोज पाणी आणि कमळ वाहून पूजा करतो. करकंडू वारूळ खणवतो; आत पार्श्वनाथाची मूर्ती. (प्रत्यक्ष लेण्यातील खांब सहज मोजून होतात, पण कवीच्या सहस्राला गणिताने उत्तर देऊ नये.) मूर्तीच्या आसनावरची एक गाठ त्याला विद्रूप वाटते. ती पाण्याचा झरा अडवण्यासाठी ठेवली आहे, असे कारागीर बजावतो. करकंडू हट्टाने ती फोडवतो, आणि लेणे पाण्याने भरते. नायकाला पश्चात्ताप होतो. मग तो वर नवी लेणी करवतो.

हा नायक चुकतो. सौंदर्याच्या हट्टापायी त्याने जुने काम बिघडवले, असे कवी स्पष्ट सांगतो. पुढेही चोल, चेर, पांड्य यांना जिंकून त्यांच्या मुकुटांवर पाय ठेवू जाता त्याला मुकुटांत जिनप्रतिमा दिसतात आणि तो हबकतो. राणी मदनावली हत्तीच्या रूपातील विद्याधराने पळवलेली, सिंहलाची राजकन्या रतिवेगा नव्याने वरलेली, समुद्रात महामत्स्याशी झुंज : साहसे सगळी आहेत, पण प्रत्येक विजयाला पश्चात्तापाची किनार आहे. मदनावलीच्या वियोगात त्याचे सांत्वन करण्यासाठी नरवाहनदत्ताची कथा सांगितली जाते. नरवाहनदत्त म्हणजे पैठणच्या गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा नायक. 'बृहत्कथा' पैशाचीत होती म्हणून सातवाहन राजाने ती झिडकारली आणि गुणाढ्याने पानामागून पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले, ही दंतकथा सर्वश्रुत आहे. अद्भुतकथेची उपेक्षा मराठवाड्यात तेवढी जुनी म्हणायची.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक धागा. ते मूळ लेणे करकंडूने कोरलेले नाही, हे काव्यच सांगते. नील आणि महानील हे विद्याधर बंधू शत्रूंपासून पळून तेरापूरला आले आणि त्यांनी तेथे राज्य स्थापले, अशी पूर्वकथा त्यात आहे. आता कोकण-कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवतात आणि 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद लावतात. हीरालाल जैन यांनी या दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या. विद्याधर म्हणजे निव्वळ उडणारे कल्पित जीव असे आपण समजतो. तेरच्या परिसरात मात्र ते एका राजवंशाचे मिरवण्याचे कूळ होते. आणि वारुळाखाली सापडलेले लेणे ही गोष्ट निर्मितीची नाही, शोधाची आहे. विस्मृतीत गेलेली वास्तू नव्या भक्तांना सापडली, याची ती आठवण असावी, असे आमचे मत आहे.

आता त्याच तेरचा दुसरा नायक. गोरोबाकाका कुंभार, परंपरेनुसार समाधी १३१७ ची. महिपतींच्या 'भक्तविजया'ने (१७६२) ही कथा घरोघर नेली, तेव्हा ती तपशिलाने सांगण्याची गरज नाही. नामस्मरणात चिखल तुडवताना पायाखाली मूल जाते. विठ्ठलाची शपथ मोडू नये म्हणून बायकांना स्पर्श झालेले हात गोरोबा तोडतात. पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात परत फुटतात आणि मूल रांगत येते. भय, रक्त, अमानवी शक्ती : आजच्या भाषेत जिला भयकथा म्हणावे तिचे सारे घटक येथे आहेत. आणि करकंडूप्रमाणे येथेही कथेची खूण हातांवरच आहे.

फरक एकच, आणि तो मोठा. गोरोबा शेवटपर्यंत कुंभार राहतात. ते कोणाचे हरवलेले राजपुत्र निघत नाहीत. उलट त्यांच्या घरी राबायला येणारा देव कुंभाराचा वेष घेतो. वेष बदलण्याची जबाबदारी वरच्याकडे गेली, हा संतचरित्रांनी केलेला बदल आम्हांला मराठी कथनपरंपरेतील एक निर्णायक वळण वाटतो. थापटणे हातात घेऊन संतमंडळींची डोकी वाजवून कच्चे कोण, पक्के कोण हे सांगण्याचा अधिकार येथे कुंभाराला आहे, आणि नामदेवांनाही तो निवाडा सोसावा लागतो. संतीला, मूल गमावलेल्या त्या आईला, कथेत मिळालेली जागा मात्र फारच अपुरी आहे.

एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरीने हे वळण घेतले नाही. 'मंजुघोषा'चे जग पुन्हा राजपुत्र-राजकन्यांचे झाले. ती संस्कृत आणि फारसी कथांकडे गेली, 'भक्तविजया'कडे गेली नाही. तिच्यावर अवास्तवतेचा आरोप करणाऱ्यांनी हा दोष पाहिला नाही. उणीव विमानांची नव्हती, कुंभारांची होती. विसाव्या शतकात भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे आला, तो तर जादूशिवायच नायक झाला. धारपांच्या (१९२५-२००८) कथांत चाळीतला, कचेरीतला साधा माणूस अमानवी संकटासमोर उभा राहतो. पण समर्थांच्या कथांत त्याला सोडवायला समर्थ यावेच लागतात. 'शपथ'सारख्या कादंबरीत मात्र साधी माणसेच शेवटपर्यंत लढतात. ती किंगच्या 'इट'वर बेतलेली आहे हे खरे. पण आधाराचा शोध लावून समीक्षा संपते, असे आपण का मानावे?

करकंडू आणि कुंभार यांची एक गाठ फार पूर्वी पडलेली आहे. तेरशी तिचा संबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. जैन आणि बौद्ध दोन्ही परंपरा करकंडूला चार प्रत्येकबुद्धांत गणतात. पाली जातकांत तो दंतपूरचा राजा करंडू म्हणून येतो, आणि ज्या जातकात येतो त्याचे नाव 'कुंभकारजातक'. बोधिसत्त्व येथे वाराणसीजवळचा कुंभार आहे. राज्य सोडलेले चार राजे त्याच्या दारी येतात. तुम्ही घर का सोडले, असे तो प्रत्येकाला विचारतो. फळांनी लगडलेला आंबा लोकांनी ओरबाडला आणि शेजारचा वांझ आंबा तसाच डौलात उभा राहिला, ते पाहून, असे करंडू सांगतो. हे ऐकून कुंभार घर सोडायचे ठरवतो. त्याच्या बायकोनेही ते ऐकलेले असते. पाणी आणते म्हणून ती घागर उचलते आणि त्याच्या आधी निघून जाते. मुले त्याच्या पदरात राहतात. तो त्यांच्यासाठी भात रांधतो, कधी कच्चा ठेवतो, कधी जास्त शिजवतो. मुलांना कच्चे-पक्के कळू लागेपर्यंत तो घरातच थांबतो.