तडकलेल्या दाढेचे निदान : एका नामकरणाचा इतिहास

दंतवैद्यकाच्या इतिहासात प्रगतीचे श्रेय यंत्राला देण्याची प्रथा रूढ आहे. तडकलेल्या दाढेच्या बाबतीत ती लागू पडत नाही. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले व १८९६ च्या आरंभीच जर्मनीत ऑटो वाल्कहोफ यांनी दातांचे छायाचित्र घेतले. तरी पुढे सुमारे साठ वर्षे हा विकार स्वतंत्रपणे ओळखला गेला नाही. दाढेतील तडा बहुधा पुढून मागे, म्हणजे फिल्मला समांतर जातो. त्यामुळे छायाचित्रात तो सहसा उमटतच नाही.

रोगी मात्र एक विलक्षण गोष्ट सांगत असे : चावताना, आणि विशेषतः चावा सोडताना, क्षणभर तीव्र कळ येते, दुखरी दाढ नेमकी कोणती ते सांगता येत नाही. अशा रोग्यास मज्जातंतूच्या व्याधीचा ठरविणे सोपे होते. १९५४ मध्ये गिब्ज यांनी दाढेच्या उंचवट्याच्या भंगाने होणाऱ्या वेदनेचे वर्णन केले आणि १९६४ मध्ये कॅमेरॉन यांनी अमेरिकन दंतवैद्यक संघाच्या नियतकालिकात या लक्षणसमूहास ‘तडकलेल्या दाताचा लक्षणसमूह’ असे नाव दिले. शोध होता तो ऐकण्याचा. नाव मिळाल्यावर रोग्याची तक्रार पुरावा ठरली. एकेका उंचवट्यावर काडी चाववून पाहणे, रंगद्रव्य लावणे, जुने भरण काढून आत पाहणे, दातातून प्रकाश सोडणे या साध्या परीक्षांना अर्थ आला. चाव्याने भेग उघडमिट होते व दंतिनातील सूक्ष्म नलिकांतील द्रव हलतो, हे कळेचे कारणही ब्रॅनस्ट्रॉम यांच्या संशोधनामुळे स्पष्ट झाले.

सुश्रुतसंहितेतील ‘दालन’ व ‘भंजनक’ हे दंतरोग म्हणजे हाच विकार, असे म्हणण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. दालनात दात फुटल्यासारखी तीव्र वेदना सांगितली आहे. पण ती वातजन्य मानली असून चावा सोडतानाच्या कळेचा तेथे उल्लेख नाही. भंजनकात तर मुखही वाकडे होते. शब्द जुळले म्हणून व्याधी जुळत नाही.

तरीही एक तपशील लक्षणीय आहे. सुश्रुताने हे दोन्ही असाध्य मानले. आजही दाताची भेग पुन्हा सांधत नाही. दाढेला कडे घालून अथवा टोपी बसवून तिची उघडमिट थांबविली जाते, दंतगर बिघडला असल्यास मूळनलिकेचे उपचार होतात, आणि तडा मुळापर्यंत जाऊन दाढ दुभंगली असेल तर बहुधा ती काढावीच लागते.