चाबूक तिच्या हातात, मालकी कुणाची?

पोळा जवळ आला की झुली, बाशिंगं, गोंडे यांच्यासोबत दुकानात रंगीत चाबूकही टांगलेले दिसतात. चाबूक काही फक्त मारायची वस्तू नाही, ती थाटाचीही आहे. पण थाट आणि हक्क यांत फरक असतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या श्रीमंत घरच्या बाया फेटन नावाची हलकी घोडागाडी स्वतः हाकायच्या. त्यांच्यासाठी खास चाबूक बनायचे. दांडी बारीक, वजन कमी, मुठीला हस्तिदंत नाहीतर चांदीचं कडं. काही चाबकांच्या दांडीवर तर झालरीची छोटी रेशमी छत्री बसवलेली असे! डाव्या हातात लगाम, उजव्यात चाबूक, मग उन्हासाठी छत्री धरायची कशी? त्यावर ही युक्ती.

गंमत पुढे आहे. १८८२ चा कायदा येईपर्यंत तिथं लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू साधारणपणे नवऱ्याचीच मानली जायची. म्हणजे गाडी हाकणार ती, पण हातातला चाबूकसुद्धा तिचा नाही.

त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. पुढच्याच वर्षी जोतिराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. हे शब्दांचे आसूड होते, शोभेचे नव्हते.

आता आपलं बघा. खुरपणी, कापूस वेचणी बाईकडं. पोळ्याला बैलांचे पाय धुऊन ओवाळणारीही तीच. कासरा, आसूड आणि सातबारा मात्र गड्याकडं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. १९९२ साली सरकारनंही परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागेल. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या लेकीला, लग्न झालेलीलाही, वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला.

बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्याचा पसारा ७,८५५ एकरांचा आहे. जमीन जाते तेव्हा मोबदला कागदावरचं नाव बघून मिळतो, घाम बघून नाही.

म्हणून या पोळ्याला बैलांना साज चढवाच, पण एकदा सातबाराही काढून बघा. त्यावर घरच्या लक्ष्मीचं नाव आहे का?